थकलेल्या हृदयासाठी दुसरे हृदय : डॉ. प्रफुल्लकुमार सेन

१६ फेब्रुवारी १९६८. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका तरुण शेतकऱ्याच्या छातीतले निकामी झालेले हृदय काढले आणि त्या जागी दुसऱ्या व्यक्तीचे हृदय बसवले. भारतातलेच नव्हे, तर आशियातले हे पहिले हृदयप्रत्यारोपण. जगातले सहावे. दक्षिण आफ्रिकेत ख्रिश्चन बर्नार्ड यांनी पहिले प्रत्यारोपण केले, त्याला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. बर्नार्ड, न्यूयॉर्कचे एड्रियन कँट्रोविट्झ आणि कॅलिफोर्नियाचे नॉर्मन शमवे यांच्यानंतर माणसावर ही शस्त्रक्रिया करणारे सेन हे जगातले चौथे शल्यविशारद. नवे हृदय धडधडू लागले. पण रुग्ण तीन तासांनी दगावला.

हृदयात काहीतरी 'बसवणे' याचे आज कोणाला नवल वाटत नाही. नाशिकमध्ये सकाळी गोदापार्कवर फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांमध्ये पेसमेकर असलेले कुणी ना कुणी निघतेच. पण जी गोष्ट माणसाच्या छातीत पूर्वी कधीच बसवलेली नाही, ती आधी कशावर तपासायची, किती तपासली म्हणजे पुरे, आणि पहिला रुग्ण कोणी व्हायचे, हे प्रश्न प्रत्येक नव्या उपचारापुढे उभे राहतात. डॉ. सेन यांच्या आयुष्यात ते फार लवकर आणि फार तीव्रतेने उभे राहिले. त्यांची गोष्ट केवळ पहिलेपणाच्या मानासाठी सांगायची नाही. त्या तीन तासांतून जे कळले, ते आजही हार्ट फेल्युअरच्या प्रत्येक गंभीर रुग्णाच्या तपासणीत उपयोगी पडते.

नागपूर ते परळ

सेन यांचा जन्म १९१५ चा, कोलकात्याचा. बालपण आणि सुरुवातीचे शिक्षण मात्र नागपूरला झाले. वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईला सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात आले. सगळे ज्याला जी. एस. म्हणतात, तेच हे महाविद्यालय. जी. एस. आणि त्याला जोडलेले केईएम रुग्णालय ही दोन्ही १९२६ मध्ये सुरू झाली. ब्रिटिश अमदानीत मोठ्या सरकारी रुग्णालयांतल्या वरच्या जागा बहुधा गोऱ्या डॉक्टरांकडे असत. या महाविद्यालयासाठी देणगी देणाऱ्यांनी अटच घातली होती की इथे शिकवणारे डॉक्टर भारतीय असावेत. डॉ. जीवराज मेहता, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले, ते या महाविद्यालयाचे पहिले अधिष्ठाता. रुग्णालय महापालिकेचे, वस्ती गिरणगावाची. कापड गिरण्यांतले कामगार, कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसे, पैशाअभावी इतर दारे बंद झालेले रुग्ण, असा तिथला राबता. सेन यांचे बहुतेक सगळे काम याच आवारात झाले.

१९४० चे दशक संपत असताना रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेले. वेळ मोठी नामी होती. १९४८ मध्ये त्याच शहरात चार्ल्स बेली यांनी आकसलेली मायट्रल झडप धडधडत्या हृदयात बोट घालून मोकळी करून दाखवली होती. त्याआधी हृदय हा अवयव शल्यविशारदांनी हात लावायचा नाही, असाच दंडक होता. तो मोडत असतानाचा काळ सेन यांना जवळून पाहता आला.

परत आल्यावर त्यांनी केईएममध्ये हेच काम सुरू केले. आपल्याकडे त्याची गरज अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त होती. लहानपणी घसा दुखून येणारा संधिवाताचा ताप पुढे हृदयाच्या झडपा खराब करतो. दाटीवाटीच्या वस्त्यांत या तापाचे प्रमाण मोठे. विशी-पंचविशीतल्या मुली बाळंतपणात धाप लागून दगावत, त्यामागे अनेकदा ही आकसलेली झडप असे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून सेन यांच्या विभागात झडप मोकळी करण्याच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या. त्यानंतर शरीर थंड करून, रक्ताभिसरण काही मिनिटे थांबवून हृदयाच्या पडद्यातले छिद्र शिवणे आले. पुढे हार्ट-लंग मशीन आले आणि हृदय उघडून निवांतपणे काम करता येऊ लागले.

सेन यांना फक्त हाताचे कसब नव्हते. समोर येणाऱ्या रुग्णांची नोंद ठेवणे आणि तिच्यातून नवे प्रश्न काढणे, हा त्यांचा स्वभाव होता. हाताची नाडीच लागत नाही, रक्तदाब मात्र भलताच वाढलेला, अशा तरुण रुग्ण, विशेषतः स्त्रिया, त्यांच्याकडे येत. महाधमनी आणि तिच्या फांद्या सुजून आकसण्याच्या या आजारावर त्यांनी विकृतिशास्त्रज्ञ डॉ. एस. जी. किनरे, डॉ. जी. बी. परुळकर आणि डॉ. एम. डी. केळकर यांच्याबरोबर वर्षानुवर्षे काम केले. अशा १०१ रुग्णांच्या अभ्यासावरचा त्यांचा ग्रंथ १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला.

स्नायूच थकला तर?

झडप आकसली तर ती मोकळी करता येते, छिद्र असेल तर शिवता येते. पण हृदयाचा स्नायूच दुबळा झाला तर काय करायचे? सेन यांच्या काळात याला उत्तर नव्हते.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे, असा समज आजही घरोघरी आढळतो. तसे नसते. हृदय चालू असते, पण शरीराला लागेल तेवढे रक्त ते पुढे ढकलू शकत नाही. पुढे न गेलेले रक्त मागे तुंबते. फुफ्फुसांत पाणी साठते, म्हणून आडवे झाले की दम लागतो आणि रात्री उठून बसावे लागते. पायांवर सूज येते, वजन अचानक वाढते, चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. कारणे वेगवेगळी असतात : हृदयविकाराच्या झटक्यात स्नायूचा भाग मरणे, बरीच वर्षे दुर्लक्षिलेला रक्तदाब, खराब झडपा किंवा स्नायूचाच आजार. या शेवटच्या आजाराला कार्डिओमायोपॅथी म्हणतात आणि तो तरुणांनाही होतो. १९६० च्या दशकात अशा रुग्णाला डिजिटॅलिस, लघवी वाढवणारी औषधे आणि विश्रांती, यापलीकडे देण्यासारखे फारसे काही नव्हते.

या अडचणीवर सेन यांनी दोन वाटांनी विचार केला. पहिली वाट सापाच्या हृदयाने सुचवली. माणसाच्या हृदयाचा स्नायू रक्त मिळवतो ते बाहेरून येणाऱ्या कोरोनरी रक्तवाहिन्यांतून. त्या तुंबल्या की स्नायू उपाशी. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांत मात्र हृदयाचा बराच स्नायू स्पंजासारखा असतो आणि कप्प्यातले रक्त थेट त्यात झिरपते. मग माणसाच्या हृदयातही कप्प्यातून स्नायूत जाणारी बारीक भोके पाडली तर? सेन आणि सहकाऱ्यांनी सुईने अशी छिद्रे पाडून प्राण्यांवर प्रयोग केले आणि १९६५ मध्ये ते अमेरिकेतल्या नामांकित नियतकालिकात मांडले. पुढे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी गाजलेले डॉ. तेहमटन उडवाडिया या कामात त्यांच्याबरोबर होते. सुईची भोके काही काळाने बुजतात, हे नंतर दिसले. पण तीच कल्पना लेसरच्या रूपाने पुन्हा आली आणि १९९८ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली.

दुसरी वाट अधिक धाडसाची होती. हृदयच बदलायचे.

कुत्र्यांवरचे शंभर प्रयोग

हृदय बदलण्याच्या विचाराला तोवर तीस वर्षांचा इतिहास होता, आणि त्याची सुरुवात रशियात झाली होती. व्लादिमीर डेमिखोव्ह हा विद्यार्थी असतानाच, १९३७ मध्ये, त्याने एक यांत्रिक पंप बनवून कुत्र्याच्या छातीत बसवला होता. १९४६ पासून त्याने कुत्र्यांत हृदयप्रत्यारोपणाचे प्रयोग केले. सेन सोव्हिएत संघात गेले तेव्हा हे काम त्यांनी जाणून घेतले. अमेरिकेत शमवे आणि रिचर्ड लोअर यांनी १९६० मध्ये प्रत्यारोपणाची सुटसुटीत पद्धत दाखवली. जुन्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांची मागची भिंत जागेवरच ठेवायची आणि नवे हृदय तिला शिवायचे. त्यामुळे बारीक बारीक रक्तवाहिन्या जोडण्याचा वेळ वाचतो. त्यांचे कुत्रे तीन आठवड्यांपर्यंत जगले.

केईएमच्या प्रयोगशाळेत सेन, परुळकर, डॉ. एस. आर. पांडे आणि किनरे यांनी हेच काम सुरू केले. १९६५ मध्ये त्यांनी कुत्र्यांतील हृदयप्रत्यारोपणाच्या १०० प्रयोगांचा प्राथमिक अहवाल भारतीय वैद्यकीय संशोधन नियतकालिकात प्रसिद्ध केला. महापालिकेच्या रुग्णालयात, रोजची शस्त्रक्रियांची यादी सांभाळून केलेले हे शंभर प्रयोग होते. त्याच वर्षी मे महिन्यात केईएममध्ये मृत दात्याचे मूत्रपिंड बसवण्याचाही प्रयत्न झाला. देशातले ते पहिले मानवी मूत्रपिंड प्रत्यारोपण मानले जाते.

म्हणजे १९६८ ची शस्त्रक्रिया बर्नार्ड यांची बातमी वाचून घाईने केलेली नक्कल नव्हती. तिच्यामागे तीन-चार वर्षांची तयारी होती. शिवण कशी घालायची, हृदय काढल्यापासून बसवेपर्यंत किती वेळ चालतो, ते पुन्हा कसे सुरू करायचे, हे सगळे या चमूच्या हातात बसले होते.

पण कुत्र्यांवरच्या चाचणीला एक मर्यादा होती, आणि तिची किंमत पुढे मोजावी लागली. प्रयोगातला कुत्रा धडधाकट असे. त्याचे हृदय चांगले, फुफ्फुसेही चांगली. ज्याला नवे हृदय द्यायचे तो माणूस मात्र महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे आजारी असे. निरोगी शरीरात जे हृदय चालते, ते आजाराने बदललेल्या शरीरात चालेलच, असे नाही.

तीन तास

रुग्ण २७ वर्षांचा होता. हृदयस्नायूच्या विकाराने त्याची हालत खालावली होती. हृदय मिळाले ते रेल्वे अपघातात डोक्याला जबर मार लागलेल्या एका तरुणीचे. मेंदू मृत झाल्यावर हृदय चालू असतानाच ते काढण्याची आजची पद्धत तेव्हा नव्हती. भारतातच काय, जगात कुठेही मेंदूमृत्यूची सर्वमान्य व्याख्या ठरलेली नव्हती. हार्वर्डच्या समितीचा याविषयीचा अहवाल आला तो ऑगस्ट १९६८ मध्ये, म्हणजे सहा महिन्यांनी. दुःखात बुडालेल्या नातेवाइकांसमोर अशी मागणी ठेवायची, दात्याचा मृत्यू निश्चित करायचा, आणि मग एकेक मिनिट मोजत काम करायचे, असा तो प्रसंग.

शस्त्रक्रिया तंत्राच्या दृष्टीने पार पडली. हृदय सुरू झाले. तीन तासांनी ते थांबले.

फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा वाढलेला दाब, हे त्यामागचे मुख्य कारण मानले गेले. हे थोडे समजून घेण्यासारखे आहे. हृदयाचा डावा भाग शरीराला रक्त देतो, उजवा भाग फुफ्फुसांना. निरोगी माणसात फुफ्फुसांकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब हाताला पट्टा बांधून मोजतात त्या दाबाच्या पाचव्या हिश्श्याइतकाच असतो. उजव्या कप्प्याचे काम म्हणून हलके, आणि त्याची भिंतही पातळ. डावा भाग थकला की रक्त फुफ्फुसांत तुंबते. महिनोन् महिने हे चालले की तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात, दाब चढत जातो. रुग्णाचा स्वतःचा उजवा कप्पा हळूहळू या ओझ्याला सरावतो. पण दुसऱ्याचे निरोगी हृदय आणून बसवले, तर त्याच्या पातळ भिंतीच्या उजव्या कप्प्यावर हे ओझे एकदम पडते. सपाट रस्त्यावर चालणाऱ्या माणसाच्या डोक्यावर पोते देऊन त्याला कसारा घाट चढायला लावावे, तशी त्याची गत होते. थोडा वेळ तो चढतो, मग बसतो.

शंभर कुत्र्यांतल्या एकाच्याही फुफ्फुसांत असा दाब नव्हता. त्यामुळे त्या शंभर प्रयोगांत हे दिसणे शक्यच नव्हते.

सेन यांनी सप्टेंबर १९६८ मध्ये दुसरा प्रयत्न केला. हा रुग्ण सुमारे १४ तास जगला. त्यानंतर त्यांनी हृदयप्रत्यारोपण केले नाही.

सगळीकडेच थांबलेली गाडी

ही निराशा एकट्या परळची नव्हती. १९६८ या एका वर्षात जगभरात शंभराहून अधिक हृदये बसवली गेली आणि बहुतेक रुग्ण काही दिवसांत किंवा महिन्यांत गेले. बर्नार्ड यांचा दुसरा रुग्ण फिलिप ब्लायबर्ग दीड वर्षाहून जास्त जगला, पण तो अपवाद. मोठी अडचण होती ती शरीराने परका अवयव नाकारण्याची. तो नकार थोपवणारी औषधे इतकी आंधळी होती की रुग्ण जंतुसंसर्गाने दगावे. एकामागून एक रुग्णालयांनी हे काम बंद केले. शमवे यांच्यासारखे मोजके लोक नेटाने टिकले. सायक्लोस्पोरिन या औषधाला अमेरिकेत १९८३ मध्ये मान्यता मिळाली आणि चित्र पालटले. सेन तेव्हा नव्हते. १९८२ च्या जुलैमध्ये त्यांचे निधन झाले होते.

भारतात तर कायद्याचीही अडचण होती. मेंदूमृत्यूला मान्यता नसल्याने धडधडते हृदय घेता येत नव्हते. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या 'एम्स'मध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातले पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले. मुंबईला अजून वाट पाहावी लागली. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्याहून आणलेले हृदय मुलुंडच्या रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांच्या चमूने बसवले, आणि सेन यांच्या प्रयत्नानंतर ४७ वर्षांनी या शहरात प्रत्यारोपण यशस्वी झाले.

यंत्राची वाट

दात्यांची हृदये नेहमीच कमी पडणार, हे पहिल्यापासून दिसत होते. म्हणून प्रत्यारोपणाबरोबरच यंत्राची वाटही चालू राहिली. ऑगस्ट १९६६ मध्ये ह्यूस्टनला मायकेल डीबेकी यांनी झडपांच्या शस्त्रक्रियेनंतर हृदय चालेना अशा एका स्त्रीला पंप जोडला. दहा दिवसांनी तिचे हृदय सावरले आणि पंप काढता आला. पण १९६९ मध्ये त्याच शहरात डेंटन कूली यांनी पूर्ण कृत्रिम हृदय एका रुग्णाला बसवले, तेव्हा मोठे वादळ उठले. ते यंत्र वासरांवर पुरेसे तपासलेले नव्हते आणि त्यासाठी रीतसर परवानगीही घेतलेली नव्हती. रुग्णाने यंत्रावर ६४ तास काढले, मग त्याला दात्याचे हृदय बसवले, पण तो वाचला नाही. सेन यांच्या निधनानंतर काही महिन्यांनी, डिसेंबर १९८२ मध्ये, बार्नी क्लार्क या दंतवैद्याला जार्विक-७ हे कृत्रिम हृदय बसवले गेले. ते ११२ दिवस जगले.

या सगळ्या प्रयत्नांत आणि सेन यांच्या प्रयत्नांत एक उणीव सारखी होती. एका-दोन रुग्णांवरून उपचार चांगला की वाईट, हे ठरत नाही. रुग्ण दगावला तर तो आजाराने की उपचाराने, हे सांगता येत नाही. जगला तरी उपचाराशिवायही जगला असता का, हे कळत नाही. त्यासाठी सारख्याच अवस्थेतल्या रुग्णांचे दोन गट करावे लागतात आणि कोण कोणत्या गटात जाईल, हे डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठी काढल्यासारखे ठरवावे लागते.

हार्ट फेल्युअरच्या यंत्रासाठी अशी चाचणी अमेरिकेत झाली, तिचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. प्रत्यारोपण शक्य नसलेले १२९ रुग्ण तिच्यात होते. काहींच्या डाव्या कप्प्याला मदत करणारा पंप शरीरात बसवला, बाकीच्यांना उत्तमातली उत्तम औषधे दिली. वर्षभराने पंपाच्या गटातले ५२ टक्के हयात होते, औषधांच्या गटातले २५ टक्के. दोन वर्षांनी मात्र हे आकडे २३ आणि ८ वर आले. पंपाने आयुष्य वाढवले, पण संसर्ग, रक्तस्राव आणि यंत्र बिघडणे यांनी बरेच रुग्ण हिरावले. चाचणीने दोन्ही गोष्टी एकाच वेळी स्वच्छ दाखवल्या. त्यातून पुढचे पंप लहान, कमी भागांचे आणि अधिक टिकाऊ झाले. चुंबकाच्या बळावर तरंगत फिरणाऱ्या नव्या पंपाची १,०२८ रुग्णांवर चाचणी झाली आणि २०१९ मध्ये तिचा अंतिम अहवाल आला. मोठा पक्षाघात न होता आणि पंप बदलावा न लागता दोन वर्षे काढणारे रुग्ण नव्या पंपाच्या गटात सुमारे ७७ टक्के होते, आधीच्या पिढीच्या पंपात ६५ टक्के. पंपाला वीज पुरवणारी तार मात्र अजूनही पोटाच्या त्वचेतून बाहेर येते, बॅटऱ्या अंगावर बाळगाव्या लागतात, आणि खर्च सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे.

हाच पंप सेन यांच्यापुढे आलेल्या अडचणीवरही उपाय ठरला. डाव्या कप्प्याला पंपाची मदत मिळाली की फुफ्फुसांत तुंबलेले रक्त पुढे सरकते. काही महिन्यांत तिथल्या रक्तवाहिन्यांचा दाब अनेक रुग्णांत उतरतो, आणि आधी प्रत्यारोपणासाठी नाकारलेला रुग्ण त्याला लायक ठरतो.

मागे राहिले ते काय

सेन यांना १९६९ मध्ये पद्मभूषण मिळाले. चित्रकला आणि कविता यांत त्यांना रस होता. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या शल्यविशारदांनी मुंबईतली हृदयशस्त्रक्रिया पुढे नेली. तरीही पहिल्या प्रत्यारोपणाचे नाव घेतले की आपल्याकडे बर्नार्ड आठवतात, सेन आठवत नाहीत. अपयशाच्या नोंदी लोक लवकर विसरतात. आज त्यांचे जी. एस. महाविद्यालय ज्या विद्यापीठाशी संलग्न आहे, ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला, दिंडोरी रस्त्यावर आहे. राज्यभरातल्या होऊ घातलेल्या डॉक्टरांच्या परीक्षा तिथून होतात. त्या विद्यार्थ्यांना यशाच्या गोष्टी भरपूर ऐकायला मिळतात. शंभर प्रयोग करूनही पहिला रुग्ण तीन तासांत का गेला, हीही त्यांनी ऐकावी अशी गोष्ट आहे.

सेन यांच्या काळात रुग्णावर नवा उपचार करण्यासाठी देशात राष्ट्रीय पातळीवरची नियमावली नव्हती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले नैतिक धोरण १९८० मध्ये आले. डॉक्टरची सचोटी आणि नातेवाइकांचा विश्वास, एवढ्यावरच सगळे उभे होते. सार्वजनिक रुग्णालयातल्या गरीब रुग्णाला नाही म्हणणे किती अवघड असते, हा प्रश्न तेव्हा फारसा विचारलाही जात नसे. पहिल्या रुग्णाच्या वाट्याला फायदा सर्वांत कमी येतो आणि धोका सर्वांत जास्त. म्हणून त्याचे संरक्षण नियमांनी करावे लागते, हे जगाला हळूहळू उमगले.

आता वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे आणि औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत. कुठलीही चाचणी नैतिक समितीच्या मंजुरीशिवाय होऊ शकत नाही आणि तिची राष्ट्रीय नोंदणी करावी लागते. घरातल्या कुणाला हृदयाचे नवे यंत्र किंवा औषध चाचणीचा भाग म्हणून सुचवले गेले, तर काही गोष्टी विचारून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. चाचणीचा नोंदणी क्रमांक काय? संमतीपत्र मराठीत आहे का, आणि ते घरी नेऊन वाचायला वेळ मिळेल का? हे आधी किती रुग्णांना बसवले आणि त्यांचे पुढे काय झाले? यंत्र बिघडले किंवा इजा झाली तर उपचाराचा खर्च आणि भरपाई कोण देणार? मधेच नको म्हटले तर नेहमीचे उपचार चालू राहतील ना? या प्रश्नांनी कोणताही चांगला डॉक्टर रागावत नाही.

आणि हार्ट फेल्युअरच्या ज्या रुग्णाला प्रत्यारोपणाचा सल्ला दिला जातो, त्याच्या मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून एक बारीक नळी हृदयाच्या उजव्या बाजूने फुफ्फुसाच्या धमनीपर्यंत नेतात आणि तिथला दाब मोजतात. दाब फार असेल तर औषधे देऊन तो उतरतो का, ते पाहतात. नसेल उतरत, तर पंपाचा किंवा दुसऱ्या मार्गाचा विचार करतात. तपासणी फार वेळ घेत नाही आणि रुग्ण त्या वेळी जागाच असतो. ही नळी का घालतात, असे कुणी विचारले, तर तिच्यामागच्या कारणांत १९६८ च्या फेब्रुवारीतले परळचे ते तीन तासही आहेत.